पोलीस ॲक्शन, मिलिंद, बहात्तरचा दुष्काळ, नामांतर : आपलं मराठवाड्याचं साहित्य यातून कसं घडलं?

पूर्णाकाठ

दिवाळीआधी घर झाडताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी जाड पुठ्ठ्याची एक वही निघाली. उजवीकडून उघडली तर उर्दू, डावीकडून उघडली तर मराठी. दोन्ही लिखाणं मध्यावर येऊन थांबलीत आणि त्यांच्यामध्ये चार पानं कोरी आहेत.

उर्दूचं अक्षर सराईत आहे, हात वळलेला दिसतो. मराठी मात्र चौथीतल्या पोराचं. वेलांट्या उलटसुलट, आणि 'ळ' तर प्रत्येक ठिकाणी गिरवून गिरवून काढलेला. हे मराठी लिहिलं तेव्हा आजोबा तिशीत होते, तहसिलीत कारकून होते आणि घरात जन्मापासून मराठीच बोलत होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. '१९६० नंतर दलित, ग्रामीण हे प्रवाह उदयास आले' हे वाक्य दरवर्षी पोरं पाठ करतात. त्याआधी ही माणसं लिहीत का नव्हती, आणि नंतर लिहायला लागली ती कशामुळे, हे त्या वाक्यात कुठंच नाही. वही बघितल्यापासून मला ते वाक्य फळ्यावर लिहायला नको वाटतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, निजाम शरण आला. तोवर आपले मराठवाड्याचे पाच जिल्हे (औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद) त्याच्या राज्यात होते. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. वरचं शिक्षण उर्दूत, कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्या हुकुमाला जुनी माणसं अजून 'गश्ती निशाण ५३' म्हणतात. १९३७ ला परतूरला हैदराबाद राज्यातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढलं तेही हैदराबादेतून, आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढायचे. पुण्या-मुंबईत त्या काळात कविता नवी की जुनी यावर वाद चालले होते. आपल्याकडं मराठीत छापून येणं हाच मुळात लढा होता.

बी. रघुनाथ बघा. जन्म १९१३, सातोन्याचे. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून. दिवसा दरबारी भाषेतल्या फायली आणि रात्री मराठी कथा, कविता, कादंबरी. १९५३ ला, वयाच्या चाळिशीत गेले. त्यांच्या कादंबरीचं नावच 'जगाला कळले पाहिजे'. परभणीत मोठा झालेला माणूस म्हणून सांगतो, त्या नावात मला आख्ख्या मराठवाड्याचा आवाज ऐकू येतो.

माझं म्हणणं असं. घटना घडली म्हणून पुस्तक येत नाही. मध्ये पंधरा-वीस वर्षं जातात, आणि ती वर्षं शाळा, वसतिगृह, कॉलेज यांनी भरून निघावी लागतात. १९५० ला नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, जे पुढं मिलिंद झालं. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं. आता पुढचं बघा. रा. रं. बोराडे पोलीस ॲक्शनच्या वेळी सात वर्षांचे होते, त्यांची 'पाचोळा' आली १९७१ ला. गावातला शिंपी गंगाराम आणि त्याची बायको, तिच्याच बोलीत सगळी कादंबरी. ना. धों. महानोर सहा वर्षांचे होते, 'रानातल्या कविता' आल्या १९६७ ला. 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक १९६८ चं. पहिलीत बसलेलं पोर पदवीधर होऊन स्वतःचं बोलायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वेळ.

तुम्हाला काय वाटतं? आपापल्या घरातलं, गावातलं सांगितलं तर जास्त बरं.

नागसेनवन

सर, धागा मनापासून आवडला. मी अंबड तालुक्यातला, १९६९ ला मिलिंदला आलो. वय झालंय, टायपायला वेळ लागतो, तरी सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी सांगू द्या. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. १८ सप्टेंबरला आमच्या गावातली विहीर होती तिथंच होती आणि आमची माय होती तिथंच उभी होती, कुणीतरी वरून पाणी वाढायची वाट बघत. मुक्तिसंग्रामाबद्दल मला आदर आहे, आमच्याही लोकांनी त्यात मार खाल्ला. पण आमच्या लिहिण्याची तारीख १९४८ नाही. ती १९५० आहे आणि त्याच्याहून जास्त १९५६, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचं साल.

बाबासाहेबांनी कॉलेजला नाव कुणाचं दिलं? मिलिंद राजाचं. नागसेन भिक्खूला एकामागून एक प्रश्न विचारणारा राजा. म्हणजे पोरांनी इथं येऊन प्रश्न विचारावेत हे नावातच ठेवलं. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस, त्यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. नंतर म. ना. वानखेडे सर, ते अमेरिकेत शिकून आले. तिकडच्या काळ्या लेखकांनी स्वतःच्या जगण्याचं काय केलं, हे सरांच्या तोंडून ऐकलेल्यांनी आम्हाला सांगितलं. जनार्दन वाघमारे सरांनी पुढं त्यावर मराठीत पुस्तकच लिहिलं. विचार करा, अंबड तालुक्यातलं पोर, ज्यानं मुंबई बघितली नव्हती, ते अलाबामातल्या माणसाच्या दुःखावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालत होतं.

वसतिगृहात 'अस्मितादर्श'चा एक अंक यायचा. एकच. एकजण कॉटवर बसून मोठ्यानं वाचायचा आणि खोलीत, दारात, व्हरांड्यात मिळून पंधरा-वीस जण उभे राहून ऐकायचे. एकदा एका कवितेत 'येसकराची भाकर', म्हणजे गावकीच्या कामाबद्दल घरोघर मागून आणायची भाकर, असा शब्द आला. वाचणारा थांबला. कुणीच काही बोललं नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी ती भाकर मागून आणलेली होती, पण ती छापलेली कुणी बघितली नव्हती. मी त्या रात्री पहिल्यांदा वही काढली.

'अस्मितादर्श'चे संपादक गंगाधर पानतावणे सर लेखक-वाचक मेळावे घ्यायचे, कधी या गावात, कधी त्या गावात. माझ्यासारख्यांना तिथं व्यासपीठावर उभं राहून वाचायला मिळालं. त्याआधी एका नामांकित मासिकानं माझी कविता 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारून परत पाठवली होती. ज्या शब्दावर लाल रेघ होती तो माझ्या मायचा शब्द होता. म्हणून म्हणतो, नुसतं कॉलेज पुरत नाही. आपलं छापणारं कुणीतरी लागतं.

लातूरची_लेक

नमस्कार सर, नागसेनवन काका, नमस्कार.

काका, तुमचं वाचून डोळे भरले. पण सरांच्या मांडणीशी माझं थोडं भांडण आहे. शाळेच्या आधी जातं होतं. आमची आजी औसा तालुक्यातली, तिला सहीसुद्धा येत नव्हती. पण दळताना ती जे म्हणायची ते साहित्य नव्हतं का? एक ओवी मला आईकडून मिळाली :

दळण सरलं बाई, उरला मूठभर दाणा
लेक माझा शाळंला जातो, मला एक कागद आणा

कागद तिला कशाला हवा होता हे आईनं कधी विचारलं नाही. मी मोठी झाले तोवर आजी गेली होती आणि घरोघरी पिठाच्या गिरण्या झाल्या होत्या. म्हणजे तुम्ही ज्या वीस वर्षांत एक पिढी लिहायला शिकली म्हणता, त्याच वीस वर्षांत दुसरी एक परंपरा गप्प झाली. विजेची गिरणी आली हाही बदलच की. बायकांचे हात मोकळे झाले हे चांगलंच झालं, आजीच्या हाताचे घट्टे मी पाहिलेत. पण गाणं गेलं.

आणि बायकांना ती वीस वर्षं तुमच्यासारखी सरळ मिळालीच नाहीत. भाऊ लातूरला शिकायला गेला, बहीण सातवीनंतर घरी. वसतिगृह मुलांचं आधी, मुलींचं कितीतरी नंतर. अनुराधा पाटलांना २०१९ ला 'कदाचित अजूनही'साठी साहित्य अकादमी मिळाला तेव्हा आम्ही मैत्रिणींनी एकमेकींना फोन केले होते. त्यांच्या कवितेतली बाई ओरडत नाही, पण तिचं दुःख आपल्याच वाड्यातलं, आपल्याच परसातलं आहे हे पहिल्या ओळीत कळतं.

पूर्णाकाठ

ताई, तुमचं म्हणणं मान्य. मी 'लिहिणं' धरून बसलो आणि 'म्हणणं' विसरलो. ती ओवी उद्या वर्गात सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

लातूरची_लेक

हरकत कसली सर, जरूर सांगा.

दख्खनी

आदाब. दोन दिवस लिहू की नको करत होतो. सर, तुमच्या वहीनं लिहायला भाग पाडलं.

उर्दू म्हणजे निजामाची भाषा, असं आपल्याकडं सहज बोललं जातं. ती निजामाची होती तशी आमच्या घराचीही होती. औरंगाबाद तर उर्दूचं माहेर. शायर वलीच्या नावापुढं लोक औरंगाबादी लावतात. मौलवी अब्दुल हक इथं इंटरमीजिएट कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसाराच्या संस्थेचं काम दिल्लीला जायच्या आधी याच शहरातून चालायचं. शायर सिकंदर अली वज्द वैजापूरचे. आणि आपण सगळे जी मराठी बोलतो तिच्यातून दस्ती, जिम्मा, फिकीर, हैराण काढून बघा, बाजारात दोन वाक्यं धड बोलता येणार नाहीत.

माझे आजोबा उस्मानाबाद जिल्ह्यात पेशकार होते. सर, तुमच्या आजोबांना तिसाव्या वर्षी 'ळ' गिरवावा लागला, कारण कचेरीची भाषा बदलली. माझ्या आजोबांनाही तो गिरवावा लागला असता, पण त्यांची वेळ तिथपर्यंत आलीच नाही. सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत आमच्या भागात काय झालं ते घरात कुणी बोलत नसे. दादी फक्त 'वो साल' म्हणायची. पंडित सुंदरलाल यांची समिती सरकारनंच पाठवली होती. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बिदर या चार जिल्ह्यांत सगळ्यात जास्त माणसं मारली गेली असं तिनं लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

रझाकारांनी जे केलं ते मी नाकारत नाही. ज्यांची गावं जळाली त्यांच्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या लिहिल्या गेल्या हे बरंच झालं. मी एवढंच विचारतो, की आमची आठवण का लिहिली गेली नाही? आमच्याकडं तर शिकलेली माणसं होती. शाळा नव्हती म्हणून नाही. भीती होती म्हणून. आणि ज्या भाषेत लिहिता येत होतं ती एका रात्रीत संशयाची झाली म्हणून. मराठीत लिहिणारी पिढी तयार व्हायला वेळ लागला. फ. म. शहाजिंदे लातूरहून लिहायला लागले, १९९० ला सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तुमच्या हिशेबात वीस वर्षं येतात. आमच्या हिशेबात बेचाळीस.

नागसेनवन

दख्खनी भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या आळीला लागूनच मोमिनांची घरं होती. त्या साली ती रिकामी झाली एवढंच मला माझ्या बापानं सांगितलं होतं. बाकी त्यानंही सांगितलं नाही.

दुधनाथडी

राम राम मंडळी. मी शेती करतो, सेलू भागात. पुस्तकं वाचायची सवय आहे म्हणून इथं येत असतो.

बहात्तरला मी नऊ वर्षांचा होतो. माय खडी फोडायला जायची, पाझर तलावाच्या कामावर. तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असायची कारण हातोडी चुकायची. लाल मिलो ज्वारीची भाकर, तिला चव नव्हती, पण वास होता. सुकडी वाटायचे तेव्हा आम्ही पोरं आधी बोट बुडवून चाटायचो. आमच्याआधीच्या दुष्काळात लोक गाव सोडून जायचे. या दुष्काळात सरकारी कामावर जाऊन सगळ्या जातीच्या बाया एका ओळीत बसून खडी फोडायल्या होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. पाटलाची बाई आणि आमची माय एकाच ढिगाऱ्यावर. पाण्याचे माठ मात्र दोन होते.

पुढं आली शेतकरी संघटना. शरद जोशींच्या सभेला आमचा थोरला भाऊ ट्रकमध्ये उभा राहून जायचा. 'पाऊस नाही म्हणून गरीब' हे आम्हाला माहीत होतं. 'पिकलं तरी गरीब, कारण भाव पाडलेला असतो' हे तिथं कळलं. माझ्या मते ग्रामीण साहित्यात मोठा फरक पडला तो इथं. आधीच्या गोष्टीत गावाकडचा माणूस म्हणजे इरसाल, बोलण्यात मजा. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' घ्या. बाप टमाटे घेऊन बाजारात बसतो, भाव मातीमोल, आणि शेवटी तो स्वतःच त्या टमाट्यांवर नाचतो, तुडवतो. मास्तरांनी वर्गात वाचून दाखवली तेव्हा माझा पोरगा घरी येऊन म्हणला, बाबा, हे तर आपण मागच्या साली केलं. आम्ही खरंच केलं होतं. टमाटे नव्हते, कोथिंबीर होती. आडत्यानं दिलेल्या पट्टीत हमाली-तोलाई वजा जाऊन उलट आमच्याकडंच तेरा रुपये निघाले होते. जुड्या तिथंच गटारीच्या कडेला ओतल्या आणि मोकळी गाडी घेऊन आलो.

इंद्रजित भालेरावांचं 'पीकपाणी' १९८९ चं. दुष्काळात ते सात वर्षांचे. सरांचा हिशेब इथं बरोबर बसतो. आसाराम लोमटे तर आमच्याच भागातले, 'आलोक'ला २०१६ ला अकादमी मिळाला. त्यांच्या कथेत शेतकरी फक्त सोसत नाही, गावातलं राजकारण, सोसायटी, पंचायत, कोण कुणाला कसं दाबतं, सगळं येतं. मला सगळ्यात जवळचं तेच वाटतं.

गोदातीर

नांदेडहून. नामांतराचा विषय कुणी अजून काढला नाही म्हणून लिहितो.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं, ते आमच्याच जिल्ह्यातलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं.

माझ्या मते साहित्यावर याचा परिणाम दुष्काळापेक्षा खोल झाला, फक्त तो पुस्तकांच्या यादीत दिसत नाही. त्याआधी मुक्तिसंग्रामातली माणसं, समाजवादी, मिलिंदमधली पोरं, गावाकडून आलेली पोरं, ही एकाच हॉटेलात एकाच टेबलावर बसायची. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ती एकत्र होती. भालचंद्र नेमाडे 'वाचा' हे अनियतकालिक काढत होते त्या औरंगाबादेत कोण कुठल्या जातीचा हे अंकात बघितलं जात नव्हतं. अठ्ठ्याहत्तरनंतर टेबलं वेगळी झाली. हैदराबादच्या लढ्यात तुरुंगात गेलेली काही मोठी माणसं नामांतराच्या विरोधात उभी राहिली आणि 'मराठवाडा' हे नाव, जे निजामाविरुद्ध अस्मितेचं होतं, तेच नाव निम्म्या मराठवाड्याला स्वतःविरुद्ध वापरलेलं दिसलं. माझ्या वडिलांचे एक जिवलग मित्र होते, दोघंही कविता करायचे, एकमेकांना वाचून दाखवल्याशिवाय कुठं पाठवायचे नाहीत. त्या पावसाळ्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत. वडीलही गेले नाहीत. दोघांनीही पुढं कविता केली नाही.

दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' वाचा. चळवळीतल्या तीन पिढ्या एकाच घरात एकमेकांशी वाद घालतात. घोषणा कमी आणि प्रश्न जास्त. त्या काळानंतर असं लिहिणं सोपं नव्हतं.

बालाघाटी

बीड जिल्हा. सगळ्यांचं वाचलं. एक राहिलंय ते सांगतो.

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८८ चा अकादमी पुरस्कार. ज्या जमातीवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो शिक्का १९५२ ला कागदावरून गेला आणि पोलिसाच्या डोक्यातून गेला नाही, त्या घरातल्या माणसानं ते लिहिलं. सरांची वीस वर्षं इथं छत्तीस होतात.

आता आमचं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादम तशीच मोजणी करतो. दसऱ्याच्या सुमाराला उचल घ्यायची, टोळी निघाली की पाच-सहा महिने फडावर, पाचटाच्या कोपीत. माझी शाळा दरवर्षी दिवाळीनंतर सुटायची आणि परीक्षेच्या तोंडावर परत सुरू व्हायची. मला मधली बाराखडी कधी नीट आली नाही. मी शिकलो कारण एक साल आजीनं मला गावात ठेवून घेतलं. आमच्या टोळीत माझ्या वयाची अकरा पोरं होती. त्यांच्यापैकी आज इथं लिहिणारा मी एकटा.

फडावर कसं असतं यावर बाहेरून येऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांचे आभारच. पण पहाटे तीनला, कडाक्याच्या थंडीत, उसाच्या पात्यावरचं दव बाहीतून कोपरापर्यंत उतरतं तेव्हा कसं वाटतं, हे आमच्यातल्या पोरीनं अजून लिहायचंय. नागसेनवन काकांना वसतिगृह मिळालं. आमच्या पोरींना हंगामापुरतं वसतिगृह मिळावं एवढ्यासाठी आम्ही चौघं-पाचजण गावात धडपडतोय. या साली सात पोरी मागं राहिल्या, फडावर गेल्या नाहीत.

पूर्णाकाठ

सात! भाऊ, मला खासगीत निरोप टाका. आमच्या कॉलेजात जुनी पाठ्यपुस्तकं, गोष्टींची पुस्तकं आहेत, दोन पोती सहज निघतील. मी स्वतः घेऊन येतो.

दख्खनी भाऊ, एक विनंती. मला उर्दू येत नाही, घरात आता कुणालाच येत नाही. वहीतल्या पहिल्या सहा पानांचे फोटो टाकतो. कचेरीचा सराव असेल असं वाटतं, पण वाचून सांगाल का?

दख्खनी

सर, रात्री बसून वाचलं. पहिली चार पानं हिशेब आहेत. ज्वारी, सरकी, कुणाला किती उसने दिले. पाचव्या पानावर मी अडखळलो. शब्द ओळखीचे, पण वाक्य लागेना. तीनदा वाचल्यावर लक्षात आलं की लिपी उर्दू आहे आणि भाषा मराठी.

वर छोट्या अक्षरात लिहिलंय, 'माय दळताना म्हणायची'. खाली ओव्या आहेत. पहिल्या दोन लागल्या, एक पंढरीची आहे, एक भावाची. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी लाम लिहून त्याच्याखाली एक टिंब दिलंय. तो त्यांचा स्वतःचा 'ळ' आहे. असा मी कुठं बघितला नाही.

पुढची पानं पाठवा. दिवसा, उजेडात, वही सपाट धरून फोटो काढा. सहाव्या पानाचा हललाय, त्यातली तिसरी ओवी अर्धीच दिसते.